डाव्या पिळाचा दोरा

१

“निकानोर तितो पोरांच्या कपारीखाली मरून पडलाय. आणि तुमच्या जावयाच्या अंगावरच्या पोंचोवर रक्त आहे.”

आनाक्लेतो वाय्पानं हे दारातूनच सांगितलं. तो कुस्को शहराच्या वरच्या डोंगरांतल्या किश्वारनी गावाचा अध्यक्ष. वाईट बातमी एका दमात सांगून मोकळं व्हायची त्याची सवय. लिओकादिया चाम्पी परसात लोकर रंगवत होती. तिनं हातातली काठी भांड्यातच सोडून दिली. लाल रंग करपला तर करपला, आज तिकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.

“हिलारियो काय म्हणतो?”

“म्हणतो, बरं झालं मेला.”

“गाढव आहे,” लिओकादिया म्हणाली आणि शाल शोधायला लागली.

साठी उलटलेली ही विधवा बाई गावाची पंच होती. बांधाचे तंटे, हरवलेल्या मेंढ्या, नवरा-बायकोच्या मारामाऱ्या तिच्यापुढे यायच्या. ती बहुधा दोन्ही बाजूंना न आवडणारा निवाडा द्यायची आणि लोक शिव्या देत देत दर वेळी तिलाच निवडून आणायचे. खून मात्र तिच्या दारात आजवर आला नव्हता. आला तो थेट घरात.

“उद्या सकाळी सभा आहे,” आनाक्लेतो म्हणाला. “दुपारी पोलीस येतील आणि सभा ज्याचं नाव घेईल त्याला घेऊन जातील. नाव घेतलं की तो माणूस गावातून उठला. जमीन गेली, लामांचा कळप गेला. तुमच्या लेकीनं, कासिमिरानं नवऱ्याला सोडलं नाही, तर तिचंही गेलं. नियम तुम्हीच केलाय.”

“मला नका शिकवू माझा नियम.”

“आणि लोक म्हणतात, उद्या तुम्ही पंचाच्या जागी बसू नये. सासू आहात.”

“नाही बसणार. पण आजचा दिवस तर मी पंच आहे ना? मग चला वर.”

निकानोर आणि हिलारियो दोघे लामावाले, म्हणजे उंच मानेची, लोकरीची ती ओझ्याची जनावरं हाकणारे. परदेशी पाहुण्यांचं सामान लामांच्या पाठीवर लादून ते त्यांना तीन खोऱ्यांतून फिरवून आणायचे. कुस्को शहरातला रेनातो बेयीदो वाटाड्या म्हणून सोबत असायचा. पाखरं, फुलं, जुन्या चालीरीती तो पाहुण्यांना समजावून सांगायचा. गावची फोर्तुनाता रांधायची. या खेपेला डेन्मार्कचं एक वयस्क जोडपं आलं होतं. आज उजाडताच रेनातोनं त्यांना घोड्यांवर बसवून खाली शहरात धाडून दिलं होतं.

वाट वरच्या कुरणातल्या शेवटच्या घरावरून जात होती. ते मेल्कियादेस तितोचं घर, निकानोरच्या बापाचं. म्हाताऱ्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं. ते काम अर्थातच लिओकादियाच्या वाट्याला आलं. कासिमिराला बाप्तिस्म्याला हातावर घेतलं होतं ते मेल्कियादेसनंच. तेव्हापासून तो तिचा कोंपाद्रे आणि ती त्याची कोमाद्रे. हे नातं रक्ताच्या नात्याहून कमी नाही.

म्हातारा उंबऱ्याच्या आत मेंढीच्या कातड्यावर बसला होता. घरात गारठा होता. चुलीत राख पांढरी पडली होती आणि त्या राखेवर मांजर निजलं होतं. दिवस एवढा वर आला तरी यांनी साधा चहासुद्धा करून घेतला नाही, असं तिच्या मनात आलं आणि तिला त्याची दया आली.

“कोंपाद्रे, निकानोर गेला. कपारीखाली पडला.”

मेल्कियादेसनं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, “त्याला इथं आणा. थंडीत ठेवू नका.”

कसा पडला, कधी पडला, कुणी बघितलं, काही विचारलं नाही. बाहेर आल्यावर आनाक्लेतोचे डोळे भरून आले होते. लिओकादियाचेही आले होते, पण तिनं ते वाऱ्यावर ढकललं.

२

वाकाकोचाच्या तळ्यावर एक उभा कडा आहे. त्याच्या माथ्याजवळ एक कपार आहे आणि कपारीच्या तोंडाशी दगडांची भिंत. नाव ठेवायच्या आधीच जी बाळं जातात, त्यांना चर्चच्या दफनभूमीत जागा मिळत नाही. किश्वारनीची अशी सगळी बाळं लोकरीत गुंडाळून त्या भिंतीमागे ठेवलेली आहेत. तिथं कुणी गप्पा मारत जात नाही. लिओकादियाचा नातू, कासिमिरा आणि हिलारियोचा पहिला मुलगा, गेल्या वर्षी तिथंच ठेवला होता.

निकानोर कड्याच्या पायथ्याला उताणा पडला होता. डोक्याचा मागचा भाग फुटला होता. लिओकादियानं त्याचे डोळे मिटले आणि त्याच्या कोटावरची माती झटकली. पस्तिशीचा हसरा, बडबड्या गडी. तिला तो कधीच फारसा आवडला नव्हता.

मृतदेह न्यायला माणसं लावून ती माथ्यावर चढली. गुडघा दर पावलाला बोंब मारत होता.

भिंत शाबूत होती. नुसती शाबूतच नाही, भलतीच नीटनेटकी होती. ती जवळ गेली आणि थबकली. इतक्या वर्षांच्या दगडांवर बाहेरच्या अंगाला दगडफूल चढलेलं असतं. इथं मधल्या भागातले दगड कोरे करकरीत होते. फटीत बोट घालून तिनं चाचपलं, तर दगडफूल आतल्या बाजूला लागलं. सांध्यांतली माती अजून ओलसर होती.

बाजूच्या गवतात एक पहार पडली होती.

“भिंत कुणीतरी फोडली,” ती आनाक्लेतोला म्हणाली. “आणि कुणीतरी परत रचली. फोडणाऱ्यानं पहार वापरली. रचणाऱ्यानं हातानं रचली. हे बघा, मातीवर बोटं उमटलीत.”

“एकाच माणसानं दोन्ही केलं असेल.”

“परत रचायची होती तर फोडली कशाला?”

आनाक्लेतोनं कपारीकडे पाठ केली. त्याचीही एक मुलगी आत होती. “बाई,” तो म्हणाला, “उद्या सभेत कुणीतरी विचारेल, आत ज्याचं पोर आहे असा काल इथं कोण होता. आणि त्याचं उत्तर हिलारियो हेच आहे.”

३

हिलारियोला तंबूच्या खांबाशी बसवून ठेवलं होतं. बांधलं नव्हतं. तो कुठं पळणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, पळायलाही थोडी अक्कल लागते.

“सासूबाई, मी मारलं नाही. पण कुणी मारलं असेल तर त्याला मी मडकंभर चिचा दारू पाजीन.”

“हे तू सभेत बोललास की मी तुला चपलेनं मारीन. आधी काय झालं ते सांग.”

झालं ते असं. काल दिवस कलायच्या आधी सगळे तळ्याकाठी मुक्कामाला थांबले. लामा वर चरायला सोडले. जेवण व्हायचं होतं. तेवढ्यात निकानोर पाहुण्यांना हातवारे करून सांगू लागला की उद्या सकाळी मी तुम्हाला अशी जागा दाखवतो, जी कुठल्याच दुसऱ्या सफरीत नाही. कोणती जागा ते हिलारियोला कळलं आणि त्यानं निकानोरची गचांडी धरली.

“काय म्हणालास त्याला?”

“म्हणालो, त्या भिंतीला हात लावलास तर तुलाच तिच्यामागे कोंबीन. सगळ्यांनी ऐकलं. ऐकायला जावं म्हणूनच ओरडलो.”

निकानोर हसत कोट झटकत लामा आणायला वर निघून गेला. दिवस बुडायला आला तेव्हा लामा आपले आपण खाली आले, निकानोर आला नाही. उजेड होता तोवर बघून यावं म्हणून हिलारियो वर गेला. त्याला निकानोर पायथ्याशी सापडला. जिवंत आहे का बघायला त्यानं डोकं मांडीवर घेतलं. पोंचोवरचं रक्त तेव्हाचं.

“एवढं भांडण झालं होतं, तरी शोधायला का गेलास?”

हिलारियोनं खांदे उडवले. “लामावाल्याला सोडून लामा येत नाहीत. काहीतरी बिनसलं हे दिसतच होतं. तेव्हा भांडण कुठं आठवतं, सासूबाई?”

लिओकादियानं जावयाकडे बघितलं. खोटं बोलायला याला कुणीतरी शिकवायला हवं होतं, असं तिला वाटलं. आजवर तिनं त्याला खरं बोलण्याबद्दल शाबासकीच दिली होती.

फोर्तुनाता चुलीपाशी भांडी घासत होती. चाळिशीतली, जिभेची तिखट. एके काळी निकानोरनं तिला लग्नाचं वचन दिलं, पोटात मूल दिलं आणि मग दुसऱ्याच मुलीमागे गेला. ती मुलगीही त्याला सोडून गेली. फोर्तुनाताचं बाळ चार दिवसांचं होऊन गेलं. तेही कपारीत होतं.

“मावशी, मला विचारायला आलात ते बरं केलंत,” ती मान वर न करता म्हणाली. “मारायचं मनात किती वेळा आलं ते मोजलं नाही. पण काल मी इथून हलले नाही. पाहुणीणबाई शेजारी बसून बटाटे सोलत होत्या. साल काढता काढता अर्धा बटाटा टाकत होत्या, म्हणून मी त्यांच्यावरून नजर हलवली नाही.”

“हिलारियो गेला तो किती वेळ बाहेर होता?”

“वाळवलेल्या बटाट्यांचे चुन्यो भिजवून चुलीवर ठेवले होते. ते शिजायच्या आत तो रक्तानं माखून परत आला.”

“तेवढ्यात भिंत रचून होईल?”

“भिंत?” फोर्तुनातानं हात थांबवला. मग तिला समजलं आणि तिचं तोंड उतरलं. “त्यानं फोडली? खरंच फोडली?” ती शालीत तोंड घालून रडायला लागली. लिओकादिया तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. थोड्या वेळानं फोर्तुनाता नाक पुसून म्हणाली, “माझं मरू दे. त्या म्हाताऱ्याची चार आहेत आत. निकानोरचीच भावंडं. काल सकाळी आम्ही निघताना म्हाताऱ्यानं नेहमीसारखी डोंगराला कोकाची पानं वाहिली, प्रत्येक लामाच्या ओझ्यावरून हात फिरवला. कापितानपाशी जरा घुटमळला. मला वाटलं, दमला असेल.”

कापितान म्हणजे निकानोरचा म्होरक्या लामा. गळ्यात घंटा बांधून तो पुढे चालायचा आणि बाकीचे त्या आवाजामागे यायचे.

“मावशी, एक सांगू? काल लामा आले ते कळलंच नाही. अचानक माझ्या मागे येऊन उभे. मी दचकून पळी पाडली.”

“का? घंटा कुठं गेली?”

“होती की गळ्यात. पण वाजत नव्हती. मग रेनातोनं तिच्यात हात घालून काहीतरी कापलं.”

४

दुपारी निकानोरला त्याच्या बापाच्या घरात आणून ठेवलं. बायकांनी त्याला आंघोळ घातली, धुतलेला सदरा चढवला. आता पाय बांधायचे राहिले होते.

गेलेल्या माणसाच्या पावलांना घरची वाट पाठ असते. ती पावलं परत येऊ नयेत म्हणून त्यांना डाव्या पिळाच्या दोऱ्यानं बांधतात. रोजचं सूत उजवीकडे पीळ देऊन काततात. हा दोरा काळी आणि पांढरी लोकर एकत्र घेऊन, चाती उलटी फिरवून काततात. तो विकत मिळत नाही, दुसऱ्याकडून कातून घेत नाहीत. आपला जोडीदार गेला की माणूस स्वतःसाठी कातायला बसतो आणि तो गोळा उशाशी ठेवून मरेपर्यंत त्यात भर घालत राहतो. तरणा माणूस गेला, तर घरातलं सगळ्यांत मोठं माणूस आपल्यातला दोरा काढून देतं. ते जाणाऱ्याला दिलेलं शेवटचं देणं.

“ताता, दोरा द्या,” फोर्तुनाता म्हणाली.

मेल्कियादेस भिंतीला टेकून बसला होता. “माझ्याकडे नाही,” तो म्हणाला.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. त्याची बायको जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मेंढ्यांमागे चालताना त्याच्या हातात फिरणारी चाती सगळ्यांनी पाहिली होती. मुलावर रागावलाय, असं एकीनं दुसरीच्या कानात सांगितलं. दुसरी म्हणाली की त्याचं डोकं ठिकाणावर नाही.

लिओकादियानं आपल्या पिशवीतून स्वतःचा गोळा काढला. गावात कुणी गेलं की ती तो सोबत आणायचीच. तिनं पुरेसा दोरा सोडवून निकानोरचे पाय बांधले. बांधताना तिला पाठीवर म्हाताऱ्याची नजर जाणवत होती. मागे वळून बघितलं तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले होते.

ती अंगणात आली. रेनातो बेयीदो कुंपणाला टेकून शहरात फोन लागतोय का बघत होता.

“घंटेत काय होतं?” तिनं विचारलं.

५

रेनातो तसा वाईट माणूस नव्हता. त्याला पाखरांची नावं खरोखर आवडायची. पण गेली दोन वर्षं दुसऱ्या सफरवाल्यांनी त्याचे पाहुणे पळवले होते आणि काहीतरी नवीन दाखवायला हवं, या एका विचारानं त्याला पछाडलं होतं.

“घंटेत? अं... कुणीतरी चावटपणा केला होता. आतला लोलक बांधून टाकला होता. मी कापून टाकलं. लिओकादियाबाई, उघड आहे हो. आवाज न करता गाठायचं म्हणून हिलारियोनं घंटा बंद केली.”

“लामा खाली आले तेव्हा हिलारियो कुठं होता?”

“तळ्याकाठीच. शेकत बसला होता.”

“म्हणजे घंटा बांधून लामा खाली आले तेव्हा हिलारियो तुमच्या डोळ्यांसमोर. निकानोरला शोधायला तो त्यानंतर गेला. मग वर जाऊन घंटा कुणी बांधली?”

रेनातोनं फोन खिशात टाकला.

“कापलेलं काय केलंत?”

तो ओशाळून आपल्या गुंडाळलेल्या पथारीकडे गेला. पथारी बांधायला त्यानं तो तुकडा वापरला होता. चांगला दोरा होता, फेकवला नाही म्हणाला. लिओकादियानं गाठ सोडवली, तुकडा उन्हात धरला आणि चिमटीत फिरवला. काळा, पांढरा. उजवीकडे फिरवला की उलगडत होता, डावीकडे फिरवला की आवळत होता.

ती तिथंच कुंपणाच्या दगडावर बसली.

“काय झालं?”

“हे आवाज बंद करायला बांधलेलं नाही,” ती म्हणाली. “हे सुतकाचं आहे. मालक गेला की त्याच्या म्होरक्याची घंटा दफन होईपर्यंत बांधून ठेवतात. नाहीतर कळप त्या आवाजामागून मालकाकडे जातो, असं आमच्यात मानतात. निकानोर मेल्याचं अजून कुणालाच कळलं नव्हतं, तेव्हा कुणीतरी त्याचं सुतक पाळायला घेतलं होतं.”

“म्हणजे ज्यानं मारलं त्यानंच?”

“ज्याला ते न पाळता तिथून पाय काढवला नाही, त्यानं.” ती उठली. “कपार उघडायची ही कल्पना कुणाची? तुमची ना?”

रेनातो खाली बघू लागला. “मी फक्त विचारलं होतं, वेगळं काही आहे का. निकानोर म्हणाला, आदल्या दिवशी जाऊन एक गाठोडं बाहेर काढून ठेवतो. मी नको म्हणालो नाही. पण हे मी सभेत सांगणार नाही, बाई. दोऱ्याचंही नाही. एकातून दुसरं निघेल आणि मग या खोऱ्यांत मला कुणी पाऊल ठेवू देणार नाही. तुम्हीच सांगा सगळ्यांना.”

“जावयाची सासू एक दोऱ्याचा तुकडा घेऊन उभी राहिली, तर कोण ऐकेल?”

तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, पण त्यानं काही साधणार नव्हतं.

सकाळची गार चूल. काही न विचारणारा बाप. नाहीसा झालेला गोळा. घंटेला तर बोटभर दोरा पुरतो. मग एवढा सगळा दोरा कुठं गेला? ते तिला आता कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं. पुरावा भिंतीच्या आत होता. उद्या गावासमोर ती भिंत उघडली की हिलारियो सुटणार होता. आणि त्या भिंतीमागे तिचा नातू झोपला होता.

६

दिवस मावळतीला तिनं मेल्कियादेसला लामांच्या वाड्यापाशी नेलं. कापितान रवंथ करत उभा होता.

“चूल का पेटवली नव्हतीत, कोंपाद्रे?”

म्हाताऱ्यानं वाड्याच्या कुंपणाचा एक सुटा दगड नीट बसवला.

“सुतकात चूल पेटवत नाहीत म्हणून. मी सांगायला आले त्याच्या आधीपासून तुमच्या घरात सुतक होतं.” तिनं दोऱ्याचा तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. “हा तुमचा आहे. बाकीचा कुठं आहे तेही मी सांगते. चार गाठोड्यांवर.”

मेल्कियादेसनं मूठ मिटली. मग तो बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज अगदी साधा होता, जणू हरवलेल्या मेंढीबद्दल सांगत होता.

“ओझ्यावर पहार होती. तळ्यावर जाणाऱ्याला पहार कशाला लागते? दिवसभर मनात तेच. शेवटी आडवाटेनं वर गेलो. भिंत फोडून त्यानं चारही बाहेर काढून मांडली होती, कोणतं बरं दिसतं बघायला. जुने बंद सुरीनं कापले होते. एकाचं तोंड उघडं केलं होतं. ती त्याची थोरली बहीण, कोमाद्रे. तिला मी माझ्या पहिल्या पोंचोत गुंडाळलं होतं.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“आत ठेव म्हणालो. विनवलं. तो म्हणाला, ताता, ती कुठं बघतेय? वर्षभर पाहुणे येतील, तुमच्या घराला पत्रे घालू. हसला. माझ्यासाठीच करत होता, त्याच्या परीनं. मी गाठोडं ओढलं, त्यानं ओढलं. मग मी गाठोडं सोडलं आणि त्याला ढकललं.” तो थांबला. “पाय घसरला नाही. ढकललं मी. खोटं सांगणार नाही.”

वाड्यात एक लामा शिंकला.

“मग चौघांना परत बांधलं. दोरा सगळा लागला. भिंत रचली. एक तुकडा उरला तो कापितानला बांधला आणि त्याला खाली हाकललं. खाली उतरून निकानोरजवळ बसायला हवं होतं. ते माझ्यानं झालं नाही.”

“आणि माझ्या जावयाला धरलं तेव्हा? कासिमिराला तुम्ही हातावर घेतलंय, कोंपाद्रे. तिच्या घरादारावर उद्या नांगर फिरणार आहे. तेव्हाही तुमच्यानं झालं नाही?”

म्हाताऱ्याचे डोळे आता भरले. “मी बोललो की पोलीस विचारतील का मारलंस. मग भिंत उघडतील, एकेक गाठोडं सोडतील, फोटो काढतील. मग मी पोरगा मारला तो कशासाठी?”

वाऱ्यानं शाल उडत होती, ती तिनं आवळून धरली. हा माणूस दोषी होता, तिच्या मुलीचा संसार मोडायला निघाला होता आणि तरी त्याच्यावर तिला पुरता राग येत नव्हता. याचाच तिला राग आला.

“ऐका,” ती शेवटी म्हणाली. “भिंत उघडून मी हिलारियोला सोडवू शकते. उघडणार नाही. माझंही आत कुणी आहे. पण मग तुम्हाला बोलावं लागेल. बाप-लेकाचं कड्यावर भांडण झालं, तुम्ही ढकललंत. एवढंच. माणूस स्वतः कबूल करतो तेव्हा दगडांना कुणी विचारत नाही. भांडण कशावरून, तर म्हणा घरातलं होतं. ते खोटं नाही.”

“आणि हा तुकडा?”

“कुठला तुकडा?” तिनं त्याच्या मुठीतून तो काढून घेतला आणि आपल्या पिशवीत टाकला. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं पंच असून पुरावा लपवला.

मेल्कियादेसनं कापितानची मान कुरवाळली. “उद्या पुरू द्याल ना मला त्याला?”

“सभेच्या आधी पुरू,” ती म्हणाली.

७

सभेत मेल्कियादेस टोपी काढून उभा राहिला आणि दोन वाक्यांत ठरलं होतं तेवढं बोलला. फोर्तुनातानं एकदा लिओकादियाकडे बघितलं. तिला सगळं कळलं आहे हे लिओकादियाला दिसलं, आणि ती बोलणार नाही हेही. रेनातो मागच्या मागे निघून गेला होता. हिलारियो म्हाताऱ्यापाशी गेला. मारणाऱ्याला चिचा पाजीन म्हणाला होता तोच हा माणूस. त्यानं आपला पोंचो काढून म्हाताऱ्याच्या खांद्यावर घातला. तो कासिमिरानं रात्रीत धुऊन चुलीवर वाळवला होता, तरी कडांना अजून ओलाच होता.

पोलिसांची गाडी आली. मेल्कियादेस चढायला लागला तेव्हा लिओकादियानं पुढे होऊन आपला गोळा त्याच्या हातात दिला. निकानोरच्या पायांना लागला तेवढा वगळून उरलेला.

“हे काय? मग तुमचं काय, कोमाद्रे?”

“मी आहे अजून. कातीन.”

पोलीस तरुण होता, खालच्या शहरातला, सभ्य. त्यानं गोळा बघितला आणि मान हलवली. “बाबा, दोर चालत नाही कोठडीत. नियम आहे. कुणी गळ्याला लावून घेतो.”

म्हाताऱ्यानं गोळ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्यानं गोळा दोन्ही हातांनी धरून ठेवला.

लिओकादियानं गोळा परत घेतला. “माझ्याजवळ राहू दे,” ती म्हणाली. “तुम्हाला आणायला मीच येईन. तेव्हा तुमचे पाय बांधायला हा घेऊन येईन.”

“नक्की?”

“नक्की. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही.”

मेल्कियादेसनं मान डोलावली आणि तो गाडीत बसला. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती उभी राहिली. मग घरी आली, करपलेला रंग ओतून टाकला, थोडी काळी आणि थोडी पांढरी लोकर काढली आणि उन्हात बसून चाती उलटी फिरवायला लागली.